पाचशे वीस मोठे की पाचशे नव्वद?

अकोल्यात वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीसाठी खोली करून राहिलेल्या पोराला घरून फोन आला की "जेवला का?" हा पहिला प्रश्न असतो आणि "किती आले यावेळी?" हा दुसरा. रविवारी टेस्ट झालेली असते, दोन दिवसांत गुण मोबाइलवर आलेले असतात. पोरगं सांगतं, पाचशे वीस. तिकडून अकोटहून, मेहकरहून नाहीतर दर्यापूरहून आई म्हणते, "मागच्या खेपेले तं पाचशे नव्वद होते ना बाप्पा!" मग मोबाइल किती वेळ पाहतोस, मेसचं जेवण मानवतं का, क्लास बदलायचा का, असं सगळं बोलणं होतं. दोन्ही वेळचे पेपर सारखे होते का, एवढं मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं ते तेवढंच, असं माझं मत आहे. सराव परीक्षेच्या गुणांना स्वतःचा असा अर्थ नसतो. पेपर किती अवघड होता आणि सोबत कोण बसलं होतं, हे कळल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो.

वऱ्हाडात हा प्रश्न घरोघरचा आहे. अकोल्याचं तोष्णीवाल ले-आऊट आणि जठारपेठ, अमरावतीचं राजापेठ आणि गाडगेनगर, इथल्या खोल्या, मेस आणि अभ्यासिका बऱ्याच अंशी या एका परीक्षेवर चालतात. वाशीम, बुलढाणा, यवतमाळकडची पोरं इथे येतात. मेडिकल कॉलेजं जवळ आली, हेही खरं. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे, अकोल्याचं शासकीय महाविद्यालय २००२ चं. २०२४ साली अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या तिन्ही ठिकाणी नवी शासकीय महाविद्यालयं सुरू झाली. पण जागा जवळ आल्या तरी चुरस जवळची राहिली नाही. विभागाच्या मुलांना ७० टक्के जागा राखणारा ७०:३० चा नियम राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केला. तेव्हापासून राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांसाठी वऱ्हाडातल्या मुलाचं नाव लातूर-पुण्याच्या मुलांसोबत एकाच यादीत लागतं. त्यामुळे आपण नेमके कुठे आहोत हे टेस्ट सिरीजमधून ताडण्याची घाई सगळ्यांनाच असते, आणि ताडायला हाताशी असतात ते फक्त गुण.

गुणांवर विसंबलं तर काय होतं, हे खुद्द नीटनेच दाखवून दिलं आहे. २०२४ मध्ये ७२० पैकी ६०० हून जास्त गुण मिळवणारे ८०,००० च्या वर होते. २०२५ मध्ये ६०० ओलांडणारे भरले फक्त १,३०० च्या आसपास. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारे सुधारित निकालातही १७ होते. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण ६८६. दोन्ही वर्षी परीक्षेला बसलेली मुलं २२-२३ लाखांच्या घरात. एका वर्षात देशभरातली मुलं एवढी कच्ची होत नाहीत. बदलला तो पेपर.

यावर कुणी म्हणेल, २०२४ चा पेपर तर फुटला होता. फुटला होता, आणि त्याचा संताप रास्तच होता. पण ऐंशी हजारांचा आकडा पेपरफुटीतून येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २३ जुलै २०२४ ला फुटीचा फैलाव देशव्यापी नसल्याचं सांगून परीक्षा रद्द करायला नकार दिला. गुण फुगण्याची कारणं साधी होती. अभ्यासक्रम त्याच वर्षी कमी झाला होता. प्रत्येक विषयाच्या ब विभागात १५ पैकी कोणतेही १० प्रश्न सोडवायची मुभा होती, म्हणजे सगळ्यांत नकोसे वाटणारे पाच सोडून देता येत होते. आणि १८० उत्तरांसाठी २०० मिनिटं होती. २०२५ ला ही मुभा गेली. १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, आणि मिनिटंही १८० च. त्यात फिजिक्स असं आकडेमोडीचं निघालं की बऱ्याच मुलांचा पेपर तिथेच अडकला.

आता याच दोन वर्षांतला दुसरा आकडा पाहा. खुल्या प्रवर्गासाठी नीट पात्र ठरायला ५० वं पर्सेंटाईल लागतं, म्हणजे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असावं लागतं. या मधल्या जागेवरच्या मुलाचे गुण २०२४ मध्ये १६२ होते आणि २०२५ मध्ये १४४. फरक फक्त १८ गुणांचा. पण सरकारी कॉलेजच्या उंबरठ्यावरचा मुलगा या दोन वर्षांत शंभराहून अधिक गुणांनी खाली आला. पेपर एकच, पण एकाला तो अठरा गुणांनी अवघड गेला आणि दुसऱ्याला शंभरांनी.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण क्लासच्या जिन्यावर उभं राहून आपण जो हिशेब करतो तो इथेच चुकतो. "पेपर टफ होता, पन्नास मार्क धरून चाल" असं सर्रास म्हटलं जातं. पन्नास सगळ्यांना धरता येत नाहीत. १६० च्या आसपासच्या मुलाला अवघड प्रश्न आधीही येत नव्हते. ते आणखी अवघड झाले तरी त्याचं फार जात नाही. ज्याला आधी १६०-१६५ प्रश्न बरोबर यायचे, त्याच्या हातातले वीस-पंचवीस प्रश्न अवघड पेपरात निसटतात, आणि प्रत्येक निसटलेल्या प्रश्नामागे चार अधिक एक असे पाच गुण जातात. म्हणून अवघड टेस्टनंतर पहिल्या बाकावरची मुलं जास्त हवालदिल दिसतात आणि मधल्या बाकावरच्यांना फारसं काही झाल्यासारखं वाटत नाही. पुढच्या पोराने धीर सोडू नये आणि मधल्याने खूश होऊ नये, दोघांनाही कारण हेच.

पात्रतेचे हेच गुण मागच्या काही वर्षांचे ओळीने वाचले की पेपर वर्षागणिक कसा खालीवर होतो ते कळतं: २०१८ ला ११९, २०१९ ला १३४, २०२० ला १४७, २०२१ ला १३८, २०२२ ला ११७, २०२३ ला १३७, मग १६२, मग १४४. मधल्या मुलाची जागा तीच, गुण मात्र ११७ पासून १६२ पर्यंत कुठेही. देशाची एवढी मोठी यंत्रणा पेपर काढते तिथे ही गत आहे. मग अकोल्या-अमरावतीच्या क्लासमध्ये दर आठवड्याला निघणारे पेपर एका मापाचे असतील, अशी अपेक्षाच करायला नको.

आणि ते नसतातही. सराव पेपर अवघड किंवा सोपा होतो तो पुष्कळदा ठरवून. जूनमध्ये, बॅच नुकतीच सुरू झालेली असताना, पेपर हात धरून चालवणारे असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोरांना जाग यावी म्हणून सर मुद्दाम कडक पेपर काढतात. फेब्रुवारीत बारावीच्या बोर्डाच्या धांदलीत पुन्हा सौम्य. एप्रिलमध्ये काही ठिकाणी धीर वाढावा म्हणून सोपे, तर काही ठिकाणी परीक्षेत काहीच अवघड वाटू नये म्हणून फारच कठीण. यातली कोणतीही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शिकवणाऱ्याला आपली पोरं माहीत असतात. फक्त जूनचे ६०० आणि नोव्हेंबरचे ५०० एकाच आलेखावर टाकून रेघ खाली चालली म्हणणं चुकीचं. दोन निराळ्या अडत्यांच्या निराळ्या काट्यांवर तोललेल्या कापसावरून यंदा उतारा घटला म्हणण्यासारखं ते आहे.

शिवाय टेस्टचे प्रकारच वेगळे. एका धड्यावरची टेस्ट, चार-पाच धड्यांची टेस्ट आणि पूर्ण अभ्यासक्रमाची टेस्ट यांची तुलना होत नाही. एका धड्याच्या टेस्टला धडा काल-परवाच झालेला असतो, सूत्रं ओठांवर असतात, आणि प्रश्न कोणत्या धड्यातला हे शोधायचं कामही पडत नाही. पूर्ण पेपरात निम्मं डोकं तिथेच खर्ची पडतं.

प्रश्न अवघड होतो म्हणजे काय होतं, हे एका उदाहरणावरून पाहू. अकरावीच्या फिजिक्समधली प्रक्षेपी गती घ्या. पहिला प्रश्न: सेकंदाला २० मीटर वेगाने, ४५ अंशात फेकलेला चेंडू किती लांब पडेल? सूत्रात आकडे घातले, गुरुत्व त्वरण १० धरलं की उत्तर ४० मीटर. अर्ध्या मिनिटाचं काम. दुसरा: तेवढ्याच वेगाने एक चेंडू ३० अंशात आणि दुसरा ६० अंशात फेकला, तर त्यांनी गाठलेल्या सर्वाधिक उंचीचं गुणोत्तर काय? दोन्ही चेंडू सारखेच लांब पडतात, हे पाठ असलेला मुलगा घाईत १:१ लिहून मोकळा होतो. उंची कोनाच्या साईनच्या वर्गावर ठरते हे ज्याला कळलं आहे तो १:३ लिहितो. यात आकडेमोड पहिल्याहून कमी आहे, पण चांगली आणि कच्ची तयारी या प्रश्नात वेगवेगळी दिसते. तिसरा: हाच चेंडू उतरणीवरून, उतरणीशी अमुक कोन करून फेकला तर उतरणीवर तो किती अंतरावर पडेल? हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या जेईईच्या तयारीतला. एनसीईआरटीच्या पुस्तकात हा भाग शिकवलेला नाही. नीटच्या सरावात तो आला तर पेपर कठीण झाल्याचं दिसतं, पण नीटच्या तयारीबद्दल त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. अशा आठ-दहा प्रश्नांनी चाळीस-पन्नास गुण खाली आणता येतात, आणि पोरगं घरी सांगतं की माझं फिजिक्स संपलं.

परीक्षाशास्त्रात हे मोजायची जुनी आणि सोपी रीत आहे. प्रश्न किती टक्के मुलांनी बरोबर सोडवला, ही त्याची काठिण्यपातळी. पण तेवढ्याने भागत नाही. वर्गातली वरची २७ टक्के मुलं आणि खालची २७ टक्के मुलं वेगळी काढायची आणि दोन्ही गटांत तो प्रश्न किती जणांना आला ते पाहायचं. २७ टक्क्यांची ही विभागणी ट्रूमन केली या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९३९ साली मांडली, आणि कागद-पेन्सिलीवर करता येत असल्यामुळे ती आजही वापरात आहे. समजा, एक प्रश्न वरच्या गटातल्या ७० टक्क्यांना आला आणि खालच्या गटातल्या ८ टक्क्यांना. हा प्रश्न कठीण आहे पण कामाचा आहे. तयारी झाली की तो येतो. दुसरा प्रश्न वरच्यांतल्या २० टक्क्यांना आला आणि खालच्यांतल्या १७ टक्क्यांना. हाही कठीणच दिसतो, पण इथे हुशार मुलंही अंदाजानेच खूण करताहेत. बहुतेकदा अशा प्रश्नाची अ‍ॅन्सर की चुकलेली असते, छपाईत काही गळलेलं असतं किंवा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असतो. त्यावर रात्र घालवू नये.

बऱ्याच क्लासच्या अ‍ॅपवर आता प्रत्येक प्रश्नापुढे किती टक्के मुलांनी तो बरोबर सोडवला हे दिसतं. पोरं ते पाहत नाहीत, थेट रँकवर जातात. खरं तर टेस्टमधला सर्वांत उपयोगाचा आकडा तोच आहे. वर्गातल्या ६०-७० टक्क्यांना आलेले आणि आपले चुकलेले प्रश्न कोणते, एवढी यादी काढली की पुढच्या आठवड्याचा अभ्यास ठरतो. सोपा पेपर असला तर ही यादी आणखी महत्त्वाची. सोप्या पेपरात सगळेच पुढे जातात, आणि घाईत गाळलेल्या एका "नाही" शब्दापायी आपण शंभर जणांच्या मागे पडतो. अवघड पेपरात तीच चूक जवळजवळ झाकली जाते.

आता सुरुवातीच्या त्या पोराकडे येऊ, ५९० आणि ५२० वाल्या. समजा, पहिल्या टेस्टमध्ये सगळ्या बॅचची सरासरी ४३० होती आणि गुणांचा फैलाव, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, तो ११० होता. ५९० म्हणजे सरासरीच्या १६० पुढे, साधारण दीड फैलाव. दुसऱ्या टेस्टमध्ये सरासरी ३४० आणि फैलाव ९०. ५२० म्हणजे सरासरीच्या १८० पुढे, पुरते दोन फैलाव. म्हणजे सत्तर गुण कमी मिळालेल्या टेस्टमध्ये ते पोरगं वर्गात पुढे सरकलं आहे. आईला हे कळायला फक्त एक आकडा जास्त लागला असता, बॅचची सरासरी. निकालाच्या एसएमएसमध्ये गुण आणि रँक असते, सरासरी नसते. ती छापायला काही खर्च येत नाही. फैलाव काढायला जड वाटत असेल तर दहाव्या क्रमांकाचे आणि अगदी मधल्या मुलाचे गुण दिले तरी पालकाला पुरेसं समजतं.

पेपर अगदी सारखा असला तरी गुण हलतात, आणि किती हलतात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला वजा एक. पूर्ण पेपरात असे चाळीसेक प्रश्न असतात जिथे चारपैकी दोन पर्याय मुलाने खात्रीने खोडलेले असतात आणि उरलेल्या दोनांत तो अडकलेला असतो. नाणं टाकल्यासारखी खूण केली तर सरासरीने वीस बरोबर, वीस चूक: ऐंशी वजा वीस, साठ गुण. पण दर वेळी वीसच येत नाहीत. चारात जवळपास तीनदा बरोबर आलेले प्रश्न १७ ते २३ च्या दरम्यान असतात. १७ आले तर ४५ गुण, २३ आले तर ७५. म्हणजे तयारीत कणभरही फरक न पडता, पेपर तोच असता तरी, तीस गुणांची ये-जा नुसत्या योगायोगाने होते, आणि चौथ्या वेळी त्याहूनही जास्त. एका टेस्टवरून दुसऱ्या टेस्टला पंचवीस गुण घसरले म्हणून ज्या घरात जेवणं थांबतात त्या घरात हा हिशेब पोचला पाहिजे. चार-पाच पूर्ण टेस्ट एकत्र पाहिल्याशिवाय पोरगं चढतंय की उतरतंय हे सांगता येत नाही.

रँकला तर सोबतच्यांचा आधार. साठ जणांच्या बॅचमध्ये तिसरा आणि देशभर चालणाऱ्या ऑनलाइन सिरीजमध्ये नऊ हजारावा, यांतलं जास्त खरं कोणतं? नऊ हजारावा, पण तेही जपून घ्यावं. सिरीजच्या सुरुवातीला सगळे बसतात. जसजसे पेपर पुढे सरकतात तसतशी मागे पडलेली मुलं टेस्ट द्यायचं सोडतात. उरतात ती तयारीची. त्यातच एकदा नीट देऊन पुन्हा तयारीला बसलेले रिपीटर असतात, ज्यांचा सगळा अभ्यासक्रम एकदा होऊन गेलेला असतो. बारावीच्या मुलाचं पर्सेंटाईल नोव्हेंबरनंतर घसरलं तर अभ्यास घसरला असंच नव्हे. भोवतालची माणसं बदललेली असतात.

दोन पेपरांची काठिण्यपातळी सारखी नसते, ही गोष्ट आपल्याकडे कोर्टातही गाजली आहे. २०१७ मध्ये नीट पहिल्यांदा दहा भाषांत झाली, त्यात मराठीही होती. पण प्रादेशिक भाषांतले काही पेपर इंग्रजी-हिंदीचं भाषांतर नव्हते. प्रश्नच वेगळे होते. तेव्हा परीक्षा घेणाऱ्या सीबीएसई बोर्डाचं म्हणणं होतं की पातळी सारखी ठेवली आहे. पालकांना ते पटलं नाही, मद्रास उच्च न्यायालयाने निकालाला स्थगितीही दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, पण पुढे बोर्डाच्या या पद्धतीबद्दल नाराजी दाखवली आणि त्यानंतर सगळ्या भाषांत एकाच पेपरचं भाषांतर येऊ लागलं. एमबीबीएसनंतरच्या नीट-पीजीचंही तेच. २०२४ ला ती दोन पाळ्यांत घेऊन गुण सामान्यीकरणाने जुळवले गेले. ३० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पुढची परीक्षा एकाच पाळीत घ्यायचा आदेश दिला. कोणतेही दोन पेपर सारख्याच पातळीचे असू शकत नाहीत, हेच त्यामागचं कारण होतं. आपली एमएचटी-सीईटी अनेक पाळ्यांत होते म्हणून तिथे नुसते गुण न देता पर्सेंटाईल देतात. अमेरिकेत डॉक्टरकीच्या प्रवेशाची एमकॅट वर्षातून अनेक वेगवेगळ्या तारखांना होते. तिथे प्रत्येक पेपराचा कठीणपणा हिशेबात धरून गुण ४७२ ते ५२८ च्या ठरलेल्या श्रेणीत बसवतात. जिथे जिथे पेपर एकाहून अधिक, तिथे तिथे नुसते गुण पुरत नाहीत हे मान्य केलेलं आहे. फक्त आपल्या रविवारच्या टेस्टलाही ते लागू होतं, हे लक्षात येत नाही.

मग स्वतःला कशाशी ताडून पाहायचं? माझं उत्तर सरळ आहे: मागच्या वर्षांच्या खऱ्या पेपरांशी. तिथे लाखो मुलांचे गुण आणि रँक जाहीर आहेत, त्यामुळे २०२३ च्या पेपरात आपल्याला जितके पडले तितक्यांना त्या वर्षी कोणता क्रमांक मिळाला हे पाहता येतं. दोन गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात. एक, २०२४ पासून बरेच धडे गेले आहेत. केमिस्ट्रीतून घनावस्था, पृष्ठभाग रसायनशास्त्र, बहुवारिकं. बायोलॉजीतून पचन आणि शोषण, वनस्पतींतलं वहन, खनिज पोषण. जुन्या पेपरातले हे प्रश्न आधी खोडावेत आणि राहिलेल्या गुणांचं प्रमाण काढावं. २०१९ चा पेपर जसाच्या तसा सोडवून आलेले गुण आजच्या मुलाला लागू होत नाहीत. दोन, पेपर कोरा असला पाहिजे. क्लासमध्ये जुने प्रश्न धड्यागणिक इतक्यांदा घोटून घेतात की पेपर समोर आला की उत्तरं आठवतात, सुटत नाहीत. म्हणून अकरावीतच दोन-तीन वर्षांचे पेपर न उघडता बाजूला ठेवावेत आणि शेवटच्या दोन महिन्यांत घड्याळ लावून द्यावेत. हे पेपर परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. महागड्या सिरीजशिवाय एवढं प्रत्येकाला जमतं.

घड्याळाचा आणि उन्हाचा विषयही काठिण्यातच धरला पाहिजे. नीट मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोन ते पाच. त्या वेळी अकोल्यात बाहेर काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. २०२४ च्या मे अखेरीस तर पारा ४५ च्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावून शिकवण्यांच्या वेळाही सकाळ-संध्याकाळवर आणल्या. क्लासची टेस्ट मात्र बहुधा सकाळी, कूलरच्या हॉलमध्ये, ओळखीच्या बाकावर. सकाळी आठला ५८० घेणारं पोरगं जेवण करून, उन्हातून येऊन, अनोळखी शाळेत तेवढंच घेईल असं धरू नये. एप्रिलमधल्या निदान चार टेस्ट तरी दुपारी दोनला घ्याव्यात.

भाषेचं ओझं तर कुठेच मोजलं जात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेली मुलगी अकरावीत एकदम इंग्रजीत येते. विधान आणि कारण, जोड्या लावा, पाचपैकी कोणती विधानं बरोबर, अशा लांबलचक प्रश्नांत तिचा वेळ वाचण्यातच जातो. तिला कठीण गेलेले प्रश्न जीवशास्त्राचे असतात की इंग्रजीचे, हे गुणांवरून कळत नाही. कळायचं असेल तर चुकलेले वीस प्रश्न तिला मराठीत सांगून पुन्हा विचारावेत. दहा-बारा सुटले, तर तिला आणखी शिकवणीची नव्हे, रोज पुस्तकाची पानं इंग्रजीत वाचायची गरज आहे. नीट मराठीतूनही देता येते, पण पुस्तिकेत भाषांतराबाबत वाद झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात, आणि मराठीतल्या चांगल्या टेस्ट सिरीज फारच कमी आहेत. या कामात सरकारच्या महाज्योतीसारख्या संस्थेने हात घातला तर गावाकडच्या पोरांना खरा उपयोग होईल.

आणि एक गोष्ट अकोला-अमरावतीच्या क्लासचालकांनी एकत्र येऊन करावी असं मला मनापासून वाटतं. वर्षातून दोनदा, एक डिसेंबरात आणि एक एप्रिलात, सगळ्यांनी एकच पेपर एकाच दिवशी घ्यावा. पेपर कोणा एका क्लासने काढू नये. त्यात निम्मे प्रश्न जुन्या नीटमधले, ज्यांची पातळी माहीत आहे असे, आणि निम्मे नवे असावेत. निकालात गुणांसोबत सरासरी, मधल्या मुलाचे गुण आणि प्रत्येक प्रश्न किती टक्क्यांना आला ते छापावं. क्लासची नावं निकालात नसली तरी चालतील. दोन जिल्ह्यांतली काही हजार मुलं एका पेपराला बसली की मेहकरच्या आईला फोनवर मिळणाऱ्या आकड्यासोबत तो कशाच्या तुलनेत आहे हेही कळेल, आणि वर्षभराच्या बाकीच्या टेस्ट त्या दोन पेपरांशी जोडून वाचता येतील.